मध्यम लहरींवरचे काका

"सध्या मालक कोण?" हा काकांचा ठरलेला प्रश्न. रेडिओवर नवं स्टेशन लागलं तरी हाच, खालच्या हॉकर सेंटरच्या खाऊगाळ्यांमधल्या चहावाल्याची पाटी बदलली तरी हाच. आमची कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली त्या आठवड्यात मी गळ्यात नवं ओळखपत्र अडकवून लिफ्टमध्ये शिरले. काकांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि विचारलं, "सध्या मालक कोण?"

मी रडकुंडीला आले होते. नोकरी गेली की राहण्याचा पास जातो, पास गेला की घर आवरावं लागतं, हे इथे सिंगापुरात तुम्हाआम्हा सगळ्यांना पाठ असतं. काका म्हणाले, "पाटी बदलली की घाबरायचं नाही गं. वीज तोडली की घाबरायचं."

आंग मो किओ वस्तीत ते आमच्या वरच्या मजल्यावर मुलाकडे राहायचे. काकू गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणलं. त्याआधीचं सगळं आयुष्य त्यांनी आपल्याकडच्या एका रेडिओ केंद्राच्या प्रक्षेपकापाशी, गावाबाहेरच्या माळावर काढलं होतं. स्टुडिओ गावात, मनोरा माळावर. "बोलणारे तिकडे," ते म्हणायचे, "आपण पोचवणारे."

फ्लॅटमध्ये त्यांच्या रेडिओला नुसती खरखर यायची. लिफ्टची मोटर, घराघरातले चार्जर. म्हणून संध्याकाळी ते कार पार्कच्या गच्चीवर यायचे. मी तिथे चालायला जायचे. काका दोन्ही हातांत छोटा रेडिओ धरून, भाकरी फिरवावी तसा तो हळूहळू फिरवत उभे असायचे. "सूर्य बुडू दे जरा," म्हणायचे. मध्यम लहरी दिवसा फार लांब जात नाहीत, अंधारताना समुद्र ओलांडतात, हे मला त्यांनीच सांगितलं. सिंगापूरची स्वतःची मध्यम लहर कधीच बंद झाली होती. काकांना त्याचं वाईटही वाटायचं आणि बरंही. "मधली जागा मोकळी झाली. लांबचे पाहुणे येतात."

ते पाहुणे म्हणजे इंडोनेशियातली, थायलंडमधली स्टेशनं. भाषेचा गंध नाही. तरी वहीत नोंद व्हायचीच: स्टेशनचं नाव, मालक, आवाज कसा. एका स्टेशनचं नाव त्यांच्यादेखत दोनदा बदललं. आधी ते एका व्यापारी घराण्याचं होतं, मग निवडणुकीला उभ्या राहिलेल्या कुणाचं झालं, मग एका धार्मिक संस्थेचं. माझ्या ऑफिसातली जावा बेटावरची मैत्रीण ही माहिती काढून द्यायची. काका जुन्या नावावर एकच बारीक रेघ मारायचे, खालचं वाचता यावं अशी. "पुसायचं नाही. माहेरचं नाव असतं ते."

एकदा कुणीतरी तक्रार केली आणि दोन तरुण पोलीस गच्चीवर आले. "अंकल, व्हॉट यू डुइंग आह?" काकांनी एकाच्या कानाला रेडिओ लावला. दोघेही वीस मिनिटं थांबले. जाताना एक जण म्हणाला, "माय ग्रँडपा ऑल्सो लाइक दिस, लाह."

त्यांचं स्वतःचं केंद्र मात्र इथे कधीच लागलं नाही. तेवढी त्याची ताकदच नव्हती. तरी रोज एकदा काटा त्या आकड्यावर नेऊन ते क्षणभर थांबायचे. 

मग एके दिवशी जाधवांचा फोन आला. जाधव म्हणजे काकांच्या हाताखाली शिकलेले, आता त्या केंद्रावर शेवटचे उरलेले तंत्रज्ञ. मध्यम लहर बंद करायचा हुकूम आला होता. शनिवारी सकाळची सभा, म्हणजे सकाळचं प्रक्षेपण, संपलं की कायमचं बंद. काका मला एवढंच म्हणाले, "पाटी तीच ठेवलीय. वीज तोडतायत."

काकांना व्हिडिओ कॉल जमत नसे, म्हणून त्यांनी जाधवांना माझा नंबर दिला. शनिवारी इथल्या दुपारी आम्ही इमारतीखालच्या दगडी टेबलाशी बसलो. पडद्यावर करड्या रंगाची कपाटं दिसत होती आणि पंख्याची मोठी घरघर ऐकू येत होती. 

"साहेब, तुम्हीच सांगा," ते म्हणाले.

काका ताठ बसले. "आधी हाय टेन्शन काढ."

मुख्य विजेचा खटका पडला.

"आता फिलामेंट. सावकाश. ब्लोअरचा पंखा बंद करू नकोस इतक्यात. व्हॉल्व्ह तापलेत, त्यांना निवू दे."

"आता निवून काय करायचंय साहेब? भंगारातच जाणार."

"निवू दे म्हणतो ना."

पाचेक मिनिटं आम्ही तिघंही नुसती घरघर ऐकत होतो. मग काका म्हणाले, "हं." घरघर उतरत गेली आणि जाधवांच्या हुंदक्याचा आवाज तेवढा राहिला.

फोन ठेवल्यावर काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "आमच्या घरी फोन नव्हता. ही रेडिओ लावून ठेवायची. मध्येच गप्प झाला की समजायची, मी अडकलो, आज उशीर होणार. मग ती भात उशिरा टाकायची. इतकी वर्षं कधी गार भात जेवलो नाही मी." त्यांनी डोळे पुसले नाहीत. तसेच वाहू दिले.

त्यानंतर ते गच्चीवर आले नाहीत. मी दोनदा बोलवायला गेले. "पाय दुखतात," म्हणाले. पुढे छातीचं दुखणं निघालं, हॉस्पिटल झालं, आणि एका सकाळी त्यांच्या मुलाने आमचं दार वाजवलं. "बाबा गेले." मग म्हणाला, "ताई, त्या जाधवांना तुम्ही कळवाल का? माझ्याकडे नंबर नाही."

मी कळवलं.  अगदी ड्यूटीवर असल्यासारखं जाधवांनी विचारलं, "किती वाजता?"

"पावणेसातला."

"तिथले?"

"हो, इथले."

ते मनात हिशेब करत असावेत. "म्हणजे इकडे सव्वाचार," ते म्हणाले. "सकाळची सभा लागायची, त्याला अजून वेळ होता."