शिरूर-दौंड, अडकणाऱ्या ॲक्सिलरेटरसह

पुतण्या फोनवर म्हणाला, "काकू, रविवारी गाडी भंगारात देऊन टाकू. माझ्या ओळखीचा माणूस येतोय." मी म्हटलं, त्याआधी मी ती एकदा शिरूर-दौंड फिरवून आणते. धड परत आली तर राहील, रस्त्यात रुसली तर खुशाल घेऊन जा. तो हसला. मला काही हसू आलं नाही. सुधीर, म्हणजे माझा नवरा, गेल्यापासून माझ्या मर्जीनं हलणारी ही एवढी एकच वस्तू उरली आहे. बाकी सगळं पुतण्या, सोसायटी आणि डॉक्टर ठरवतात.

शिरूर-दौंडच का? कारण तो सुधीरचा मुलूख. माती-परीक्षणाच्या कामासाठी तो वर्षानुवर्षं याच गाडीनं तिकडं जायचा आणि मी कधीच गेले नव्हते. "तिथं काय बघायचंय? ऊस आणि धूळ," असं म्हणून विषय संपवायचा.

तुम्ही जाणार असाल तर उजाडताच निघा, नाहीतर वाघोलीतच निम्मा उत्साह आटतो. थंडी कडाक्याची होती. वढू बुद्रुकला वळून संभाजी महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतलं. तिथं एका मावशींनी विचारलं, "संगं कोन हाय?" कुणी नाही म्हटल्यावर त्यांनी मला आपल्या माणसांच्या घोळक्यात ओढून घेतलं, फोटोसुद्धा काढला. त्यांची बस सुटली आणि मी पुन्हा माझ्या गाडीत. उगाच त्या बसकडे बघत बसले.

रांजणगाव एमआयडीसीपाशी शिफ्ट सुटलेली. कंपन्यांच्या बसगाड्या, मधूनच घुसणाऱ्या मोटारसायकली. एका ट्रकला ओलांडायला पाय दाबला, मग उचलला, पण पेडल काही वर येईना. इंजिन आपलं ओरडतंय आणि पुढं बसची पाठ जवळ येतेय. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, ब्रेकवर उभी राहिले, कडेला घेतली आणि मगच किल्ली फिरवली. हे लक्षात ठेवा: चालत्या गाडीत किल्ली काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं. पर्समधून फोन काढला आणि हातात धरून बसले, कारण लावायचा कुणाला हेच सुचेना. पुतण्याला लावला असता तर गाडी तिथूनच भंगारात गेली असती.

पायातली मॅट सरकून पेडल अडकतं, हे ऐकून होते. मॅट काढून मागे टाकली. पेडल बुटाच्या टोकानं उचललं तर चिकटल्यासारखं सावकाश वर आलं. दुसऱ्या गिअरमध्ये, लोकांच्या शिव्या खात शिरूर गाठलं.

गॅरेजवाले सलीमभाई नमाजला गेलेले, त्यामुळे शेजारी मिसळ खाऊन घेतली. झणझणीत होती, सोबत ताकही मागवा. ते आले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. त्यांनी बॉनेट उघडलं, केबल हातानं ओढून सोडली, स्प्रिंग तपासली, एक चक्कर मारून आले.

"मॅडम, केबल मोकळी हाय, स्प्रिंगबी बराबर खेचतीय. अडकत तर काईच न्हाई."

"मग मला काय भास झाला?"

"तसं न्हाई म्हनत मी. पन जवा अडकंल तवाच बघाया पायजे."

पैसे घेतले नाहीत, त्यामुळे धड भांडताही आलं नाही.

न्हावऱ्यावरून चौफुल्याचा रस्ता झकास आहे. दोन्ही बाजूंना ऊस, पारगावला भीमेचा पूल. पेडल शहाण्यासारखं वागत होतं. दौंडला स्टेशनजवळच्या लॉजवर राहिले. स्वच्छ आहे, पण पांघरूण आपलं न्या. मॅनेजरनं रजिस्टर पुढं करत विचारलं, "एकच व्यक्ती ना?" मी हो म्हणून सही केली.

सकाळी गाडी उघडली तर पेडलवर मुंग्यांची रांग. मी चरफडत फडक्यानं पुसल्या. पाटसच्या अलीकडे पेडल पुन्हा अडकलं. म्हणजे गारठ्यात अडकतं आणि उन्हात सुटतं. एवढं कळलं, पण कशामुळे ते कळेना. चौफुल्याला हायवे सोडला आणि आतल्या रस्त्यानं राहू गाठलं. दर हिवाळ्यात सुधीर तिथल्या एका गुऱ्हाळातून गुळाची ढेप आणायचा. यंदा आणणारं कुणी नव्हतं, म्हणून मीच जायचं ठरवलं होतं.

गुऱ्हाळाचे मालक आप्पा गाडी बघूनच पुढं आले. "ही तर सायबांची गाडी. सायब न्हाई आले?"

मी सांगितलं. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, खुर्ची आणवली. मग मला रडू येऊ नये म्हणून मी पेडलचं गाऱ्हाणं सुरू केलं. थंडीत अडकतं, उन्हात सुटतं, वर मेल्या मुंग्या.

"मुंग्या?" आप्पा दारातून आत वाकले. पेडल जिथं वर सांध्याला जोडलेलं असतं, तिथं बोट फिरवलं, हुंगलं आणि चाटलं. "ताई, ही काकवी हाय."

स्टिअरिंगखालच्या उघड्या खणात डाग वाळलेला होता आणि त्याचे ओघळ थेट सांध्यात उतरले होते. आप्पा अवघडून म्हणाले, "गरम काकवी बाटलीत भरली की झाकन उडतं. मी सांगायचो सायबांना, पर ते तितंच ठिवायचे. म्हनायचे, आप्पा, ढेप घरला आन् बाटली माझी. घरी बोलू नका."

त्यांनी तांब्याभर कढत पाणी आणलं. फडकं भिजवून मी स्वतःच सांधा पुसला, तीनतीनदा. पेडल खटकन वर यायला लागलं. बिघाड तो एवढाच.

परतीचं काय सांगू? यवत, उरुळी, लोणी, गाडी लोण्यासारखी पळाली. घरी येऊन पुतण्याला फोन केला, "गाडी देणार नाही. माणसाला येऊ नको म्हणावं." तो बरं म्हणाला. जिंकले खरी, पण ते सांगायला कुणी नव्हतं.

आणि मग संताप आला, चांगला सणसणीत. सुधीरला साखरेचा आजार होता. त्याला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून मीसुद्धा चहातली साखर सोडली होती, सणाला पुरणपोळी करणं सोडलं होतं. आणि हे गृहस्थ गाडीत बसून बाटलीनं काकवी पीत होते. ऊस आणि धूळ म्हणे. रिकाम्या खुर्चीकडे बघून मी त्याला जे जे म्हणायचं ते सगळं मोठ्यानं म्हणून घेतलं. लबाड म्हटलं, अप्पलपोटा म्हटलं, मला एक घोट द्यायला काय झालं होतं तेही विचारलं.

आमचं भांडण झालं की अबोला मी धरायचे आणि पहिलं बोलायचा तो. दिवेलागण झाली तरी मी तशीच फुगून बसले होते, त्याच्या बोलण्याची वाट बघत.