सुमनताईंचा मोबाइल नंबर

माझ्या हुशारीचं ऐकायचंय? मग चहा ओता आधी, कोरड्या घशानं हे सांगवत नाही.

बुऱ्हानपुरात एका दवाखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. एकदा वरून काम आलं: सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी, गरोदर बायका, लसीकरण, रक्तगट, अशा सगळ्या याद्या जोडून माणशी एकच नोंद करायची. डॉक्टरांना सगळं एका जागी दिसेल, आजारावर संशोधन करणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

पण जुळवायचं कशावरून? एका यादीत सविता, दुसरीत सविताबाई, तिसरीत नुसती रमेशची बायको. मी डोकं चालवलं. मोबाइल नंबर जुळला की माणूस एकच! बटण दाबलं, यादी निम्म्यानं घटली. त्या आनंदात लोधीपुऱ्यात घरी जाताना मावा जिलेबी नेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी बोलावलं. समोर डोईफोडिया गावची सविता, नववा महिना, अंगात रक्त कमी. सिकलसेल आहे की नाही कळल्याशिवाय मॅडमना पुढचं ठरवता येईना.

"वाचा," मॅडम म्हणाल्या.

मी वाचलं. वय एकाहत्तर. नववा महिना. मोतीबिंदू काढलेला. गोवराची लस बाकी. रक्तगट तीन. सिकलसेल आहे, नाही, आहे.

"ही बाई मला बघायचीच आहे," मॅडम म्हणाल्या. सविता घाबरून माझ्याकडे बघत होती. माझ्या हुशारीपायी हिला काही झालं तर?

तिच्यासोबत गावच्या आशा कार्यकर्त्या सुमनताई आल्या होत्या. त्यांनी स्क्रीनकडे वाकून पाहिलं.

"भैया, हा नंबर तं माझा हाय. गावात ज्याच्याजोळ मोबाइल नाही, त्याच्यापुढे मी माझाच लिवते. बावीस जन हायेत."

बावीस माणसांचा मी एक पेशंट केला होता.

ताईंनी पिशवीतून वही काढली, वहीतून सविताचा रिपोर्ट. सिकलसेल होता. मॅडम लगेच कामाला लागल्या. दोन दिवसांनी मुलगी झाली, दोघी सुखरूप. तेव्हा कुठे मला जेवण गेलं.

मग आठवडाभर ताई वही वाचत होत्या आणि मी माणसं सुटी करत होतो.

"एवढं साधं तुमच्या ध्यानात कसं नाही आलं, भैया?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "आमच्या शहरात असं कोणी करत नाही हो, ताई."

तेवढ्यात लसीच्या खोलीतून सिस्टरनं माझं नाव पुकारलं. माझ्या रक्तगटापुढे, आईच्या शुगरपुढे आणि पोराच्या लसीपुढे माझाच नंबर मी स्वतः लिहून दिला होता.

"या, बसा," सिस्टर सिरिंज भरत म्हणाली. "पाच वर्षांचा डोस राहिलाय तुमचा. रडायचं नाही हं."