निळी बशी, पांढरे ठिपके

अकोल्याच्या आमच्या विभागात सगळे ‘जीन’ म्हणायचे. विभागप्रमुख तेवढे ‘जिन’ म्हणायचे, दिवा घासला की बाहेर येतो तसला. त्यांचा त्या गोष्टीशी संबंधही तेवढाच होता. सरांची पदवी माती परीक्षणातली. सेवाज्येष्ठतेच्या शिडीने ते जैवतंत्रज्ञानात चढले आणि वासरांत लंगडी गाय शहाणी, या न्यायाने माझे मार्गदर्शक झाले. पीएचडीच्या काळात त्यांनी मला एकच गोष्ट मन लावून शिकवली. पाहुणे आले की गाडीचं दार कुणी उघडायचं ती.

माझं काम तुरीवर होतं. मर रोगाने शेतातली तूर उभ्या उभ्या वाळते, तेव्हा एक देशी वाण मात्र हिरवागार राहतो. तो कशाच्या जोरावर, हे मला शोधायचं होतं. एका जीनवर माझा संशय होता. पण अभ्यास करायचा तर त्याच्या भरपूर प्रती हव्यात. त्यासाठी तो जीन कापून काढायचा, डीएनएच्या एका छोट्या कड्यात जोडायचा आणि ते कडं जिवाणूंमध्ये सोडायचं. जिवाणू वाढतात, त्यांच्यासोबत जीनही वाढतो. यालाच क्लोनिंग म्हणतात. मग तो जीन दुसऱ्या रोपात घालून पाहा, बंद करून पाहा, त्यापासून प्रथिन बनवून पाहा, सगळं त्यानंतर. क्लोन नाही तर माझा प्रबंधही नाही, इतका साधा हिशेब होता.

जोडणी जमली की नाही हे रंगावरून कळतं. रिकामं कडं घेतलेल्या जिवाणूंचे ठिपके काचेच्या बशीत निळे उमटतात. कड्यात जीन बसला, की निळा रंग तयार करणारा भागच मधोमध तुटतो आणि ठिपका पांढरा राहतो. म्हणजे निळा दिसला की फसलं, पांढरा दिसला की जमलं. हे बारावीच्या पोरांनाही येतं.

माझ्या बशीत महिनोन्महिने निळंच निळं येत होतं. जोडणीचं एन्झाइम संपत आलं होतं. नवं मागवायचं तर आमच्या खरेदी विभागाच्या पाया पडावं लागे, आणि तिथले लोक खुर्चीतून उठायलाही निविदा काढतील असे. उरलेले शेवटचे थेंब वापरून मी पुन्हा जोडणी लावली. बशी बाहेर काढली तेव्हा निळ्यांच्या गर्दीत थोडे पांढरे ठिपके होते. मी गावी, भातकुलीला, आईला फोन लावला आणि नुसतीच हसत राहिले. शेजारी ताडून पाहायची दुसरी बशी होती, तिच्यात मुद्दाम रिकामं कडं घातलेलं. ती सगळीच्या सगळी निळी, एकसारखी, अगदी देखणी.

नेमकी त्याच दिवशी समिती यायची होती, प्रकल्पाला मुदतवाढ द्यायची की नाही ते ठरवायला. सर अत्तर लावून आले आणि त्यांनी दोन्ही बशा निरखल्या.

“ह्या बशीले बुरशी लागली काय? पांढरं पांढरं कायचं हाये हे?”

“सर, जीन पांढऱ्यातच असते. निळं फसलेलं हाये.”

“तू मले थेरी नको शिकवू. पाहुण्यायले रंग दिसला पाह्यजे.”

गाढवाला गुळाची चव काय. मला त्यांनी गुलदस्ते आणायला बाजारात पिटाळलं. परत आले तेव्हा टेबलावर पांढऱ्या कापडावर एकटी निळी बशी मांडलेली, आणि माझी बशी कुठेच नव्हती.

“ते धुवाले टाकली,” सर म्हणाले. “पाहुण्यायसमोर घाण नको.”

धुण्याआधी बशा उकळून निर्जंतुक करायच्या असतात. त्याचं मोठं यंत्र आमच्याकडे कधीच बंद पडलेलं, म्हणून कोपऱ्यात गॅसवर घरगुती प्रेशर कुकर होता. तो फुसफुसत होता. वाफ धरली की आतलं काहीच जगत नाही. मी गॅस बंद करायला वळले, तोवर समिती दारात आली होती, आणि तसाही आता उपयोग नव्हता.

समितीतल्या मुख्य गृहस्थांनी निळ्या बशीकडे पाहून विचारलं, “वा, यात तुमचा जीन नेमका कुठे?”

सरांनी झाकण उघडून एका निळ्या ठिपक्यावर चक्क बोट टेकवलं. “हा इथे.”

“पांढऱ्यांत असतो,” मी म्हणाले, आणि कुकरने शिट्टी दिली.

“खिचडी लावलीय वाटतं,” गृहस्थ हसले. मग सगळेच हसले आणि कचोरीकडे वळले. माझे ठिपके शिजल्याचा आंबूस वास खोलीभर पसरला होता आणि त्या वासात ही विद्वान मंडळी हिरव्या मिरच्या चावत उभी होती. त्या निळ्या बशीचे फोटो निघाले. मुदतवाढ तिलाच मिळाली. मला मिळालं एन्झाइमची वाट बघत काढलेलं पुढचं अख्खं वर्ष.

गाड्या गेल्यावर मी बेसिनपाशी उभी राहिले. दुःखापेक्षा तिटकारा जास्त होता, पण डोळ्यांना तो फरक कळत नाही.

“आता काहून रडून राहिली?” सर मागून म्हणाले. मोठ्या खुशीत होते. “झालं ना काम. अन् तुमच्या लोकायले त निळाच रंग आवडते ना?”

आम्ही बौद्ध. घरावर निळा झेंडा लावताना वडील शिडी धरायला मलाच हाक मारायचे. माझं आडनाव सरांना पहिल्या दिवसापासून पाठ होतं. तेवढा एक विषय त्यांनी नीट अभ्यासला होता.

“आवडते, सर,” मी तोंड पुसत म्हणाले. “पण आमचा निळा भरलेला हाये. तुमचा रिकामा हाये.”

रागवावं की नाही, हेच सरांचं ठरत नव्हतं. मग त्यांनी टेबलावरून ती बशी उचलली, खिडकीपाशी नेली आणि उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

“रिकामा काहून?” त्यांनी विचारलं. “भरलेलाच त दिसून राहिला.”