ओंजळभर रारा

आमच्या ह्यांचा एक नेम आहे. देवाच्या दारी गेलं की दर्शन झाल्याबिगर तोंडात घास घालायचा नाही. आमच्या गावाहून, सिरसाळ्याहून परळी जवळ, तिथं वैजनाथाला हा नेम चालून जातो. पण नेपाळातल्या रारा तळ्याकडं जाताना शुगरची गोळी घेऊन उपाशीपोटी डोंगर चढायचा म्हणजे काय? काठावर देऊळ आहे एवढं ऐकलं आणि ह्यांनी हट्टच धरला. सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हात जोडावेत तर देवाचाच राग येत होता.

तळ्याभोवतीचं सगळं रान राखीव. वस्ती नाही, गाडी नाही. सोबतचे लोक पुढं निघून गेलेले. झाडांत धुकं भरलेलं आणि मी दर वळणावर ह्यांचं तोंड बघत होते. एका चढावर हे मटकन खाली बसले. दरदरून घाम, हात थरथरायला लागले. शुगर उतरली हे मला कळलं. पिशवीतला गूळ तोंडाशी धरला, तर ह्यांनी मान फिरवली.

"अहो, खावा की. जीव गेल्यावर काय दर्शन घेता?"

"दर्शन झाल्याबिगर न्हाई म्हणलं ना," हे पुटपुटले.

मी हाका मारल्या. कुणी ओ देईना. मग मनातल्या मनात वैजनाथाशीच भांडले. इतकी वर्षं तुझ्या दारात उपाशी उभा राहिलाय हा माणूस, आता तूच समजाव, माझं काही चालत न्हाई.

तेवढ्यात वरून एक बाई उतरत आली. पाठीवर टोपली, हातात पाण्याची बाटली. मोडक्या हिंदीत मी तिला ह्यांचा नेम सांगितला. ती हसली नाही. घरच्या पूजेसाठी तळ्यातून नेत असलेलं पाणी तिनं ह्यांच्या ओंजळीत ओतलं आणि म्हणाली, "यही रारा है, बाबा." ह्यांनी त्या पाण्याकडं टक लावून बघितलं, कपाळाला लावलं, पिऊन टाकलं आणि गुळासाठी हात पुढं केला. मला रडू आवरेना.

अंगात त्राण आल्यावर हे स्वतःच म्हणाले, "चल, माघारी जाऊ." एक हात मी धरला, दुसरा त्या बाईनं.

तिला देवानं धाडलं की ती आपली घरी निघाली होती, यावर मी वाद घालत नाही. माझं चालत नाही असं कबूल केलं आणि वाट सापडली, एवढंच मला ठाऊक. तिचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. गावात कुणी विचारतं, तळं कसं होतं? मी गप्प बसते, आम्ही ते पाहिलंच नाही.

हे मात्र लगेच सांगतात, "लई गार होतं."