सोळा नंबरचा फेडर

नोएडातल्या आमच्या स्टुडिओच्या मिक्सिंग कन्सोलवर चोवीस चॅनेल आहेत. एका माइकला एक चॅनेल, आणि प्रत्येकाचा आवाज कमीजास्त करायला एक सरकती खुंटी, तिला आम्ही फेडर म्हणतो. त्यातला सोळा नंबर कशालाच जोडलेला नाही. "माझा आवाज अजून थोडा" म्हणून डोकं खाणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही तोच देतो. तो फेडर वर सरकवतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "हां, अब आया मज़ा." आजवर एकानंही पकडलेलं नाही.

माझे बाबा फौजेतून निवृत्त झालेले. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की सांगायचे, "बटणं दाबते." त्यामुळे मयूर विहारच्या आमच्या मराठी मंडळानं आरत्या रेकॉर्ड करायचं ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला कोण आनंद झाला. बाबा तर बुटांना पॉलिश करून निघाले.

अडचण त्यांचीच होती. एका आरतीत एक शब्द लांब ताणायची आपली पद्धत. श्वास संपला की बाकीचे सोडतात, बाबा सोडत नाहीत. तबला ताटकळतो, कापूर विझतो, लहान मुलं खाली बसून घेतात. मंडळाच्या सेक्रेटरीकाकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "यार, त्यांना बिल्कुल कमी कर. फक्त कळू देऊ नकोस हां."

मी बाबांना सांगितलं, "तुमचा आवाज भारदस्त आहे, त्याला वेगळी खोली लागते." त्यांना काचेच्या खोलीत एकटं उभं केलं. त्यांचा आवाज इतरांच्या हेडफोनमध्ये जाऊच दिला नाही. त्यांचा खरा चॅनेल पाच नंबरचा, तो म्यूट केला. आरती शिस्तीत झाली.

रेकॉर्डिंग ऐकताना बाबांनी लगेच विचारलं, "यात मी कुठं आहे गं?"

"सोळा नंबर, बाबा. तुम्हीच वर करा."

त्यांनी दोन बोटांनी फेडर अगदी टोकापर्यंत नेला. "आता आलो." मग कन्सोलवरून हात फिरवत म्हणाले, "सोपं नाही हं तुझं काम." हे ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते, आणि ऐकलं तेव्हा तोंड लपवावंसं वाटलं.

गणपतीत पहिल्याच संध्याकाळी स्पीकरवर ती आरती लावली. तो शब्द आला, स्पीकरनं बेतानं ताणला आणि पुढे गेला. मंडप मात्र दरवर्षीच्या सवयीनं बाबांबरोबर तिथंच थांबला. बाबांचा श्वास संपेपर्यंत स्पीकर पुढच्या आरतीला लागला होता. निम्मी माणसं त्याला गाठायला धावली, उरलेली मागूनच रेटत राहिली. सेक्रेटरीकाकू तबक कुणाच्या तालावर फिरवायचं ते न कळून दोन्हीकडे फिरवत होत्या. शेवटी त्यांनीच स्पीकर बंद केला.

बाबांनी मला बाजूला घेतलं. चेहरा पडलेला. "चूक माझी झाली. सोळा नंबर मी जास्तच वर केला. सगळे माझ्याच मागे आले. काकूंना सांगू नकोस."

"नाही सांगत," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याबरोबर मेट्रोनं स्टुडिओत आले आणि सोळा नंबर स्वतःच्या हातानं निम्म्यावर आणला. ते पाणी प्यायला गेल्यावर मी पाच नंबरचं म्यूट काढलं आणि फेडर चांगला वर घेतला. मग त्या शब्दापाशी तबल्यासकट बाकी सगळ्यांचं रेकॉर्डिंग कापलं आणि बाबांचा श्वास संपेपर्यंत थांबवून ठेवलं.

परत येऊन त्यांनी पूर्ण आरती उभ्यानं ऐकली.

"बघ," बाबा म्हणाले, "थोडा कमी केला तर किती छान येतो माझा आवाज."