रविवारची लिनक्स मंडळी

शर्टाच्या खिशातून सीडी काढायची, बाहीला पुसायची आणि समोरच्यापुढे धरून म्हणायचं, “घ्या काका. कॉपी काढा, दुसऱ्याला पण द्या.” कोणीही भेटो, त्याची सुरुवात हीच.

किती द्यायचे, असं विचारलं की हसायचा. “फुकट हाय.”

आता तुम्हीच सांगा, दोन हजार सालाच्या आगेमागे शहापुरात फुकट काय मिळत होतं? जमिनीचे एजंट यायचे, तेही आधी फुकटच वाटायचे. कोणी कॅलेंडरं, कोणी डोळे तपासायचं शिबिर. मग एक दिवस डोंगराकडच्या कोणाच्या तरी शेताला तारेचं कुंपण दिसायचं. फुकट म्हटलं की आमच्याकडचा माणूस आधी आपला सातबारा जागेवर आहे का ते बघतो.

हा मुरबाडचा. तिथल्या एका कारखान्यात मशीन दुरुस्त करायचा. मी तेव्हा आमच्या वाचनालयाचा कार्यवाह होतो. कोणीतरी भेट दिलेला एक कॉम्प्युटर आमच्याकडे कव्हर घालून पडला होता. ते ऐकून हा रविवारी एसटीने आला.

“लिनक्स वापरणाऱ्यांचा ग्रुप काढू या,” म्हणाला. त्याच्या सीडीतलं हे लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा, पण कुठल्या कंपनीच्या मालकीची नाही. कोणीही ती उघडून बघावी, बदलावी, वाटावी. एवढं समजायला मला दोन चहा लागले. तेही माझ्याच खर्चाने.

“यात तुझं काय?” मी विचारलं.

“मला माणसं पायजेत, काका. एकटाच शिकलो. अडलं की आठ-आठ दिवस अडूनच. मुरबाडात कोणाला विचारू?”

मला ते उत्तर पटलं नाही. खोली दिली, पण किल्ली माझ्याजवळ ठेवली.

पहिल्या रविवारी पाच जण जमले. समोरच्या दुकानातला विलास शिंपी, एक वायरमन, कल्याणला नोकरीला जाणारे दोघे, आणि लक्ष ठेवायला मी. आमच्याकडे चार माणसं ज्याने बोलावली, चहा त्याने द्यायचा. ह्याने साधं पाणी विचारलं नाही.

“काय राव, बोलावणं करता आन् चहा पण नाय?” विलास म्हणाला.

“मी चहा पाजला तर मीटिंग माझी होईल. ती आपल्या सगळ्यांची हाय ना?”

विलास माझ्या कानाशी लागला. “काका, जो चहा पण पाजत नाय, तो मोठाच हात मारणार बघा.”

तरी मंडळी यायला लागली. वायरमन तर त्या कॉम्प्युटरला चिकटलाच. मग ठरलं, पडद्यावरचे इंग्रजी शब्द मराठीत करायचे. कोणी शब्दकोश आणला, तर हा म्हणाला, “त्यातला शब्द कोण बोलतो? आपले लोक बोलतात तो पायजे.” कॉम्प्युटरच्या आत जागेचे भाग पाडलेले असतात, त्यांच्या मधल्या हद्दीला काय म्हणावं, यावर त्या दिवशी भांडण झालं आणि शब्द न ठरताच सगळे उठले.

त्याच आठवड्यात मी शेणव्याच्या रस्त्याने येत होतो. एसटीच्या खिडकीतून बघतो तर हा तिथल्या गोमाजी शेतकऱ्याच्या बांधावर उभा. एका भातखाचराकडून दुसऱ्याकडे हात करतोय, आणि पेनाने तळहातावर काहीतरी टिपून घेतोय.

उतरलो तो सरळ विलासच्या दुकानात गेलो. “तुझा तो लिनक्सवाला शेणव्याला जमीन बघतोय.”

एवढंच बोललो. संध्याकाळपर्यंत तो फार्महाउसवाल्यांचा माणूस झाला होता.

रविवारी मी खोलीला कुलूप ठेवलं. तो आला. “काका, किल्ली?”

“दुरुस्ती आहे.”

“कसली? मी करतो की.”

“भिंतीची.”

त्याने भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. समोरून विलास ओरडला, “ओ शेठ, आज काय भाव गुंठ्याला?” त्याला काही कळलं नाही. इतर हसले म्हणून तोही हसला. बाकी कोणी जवळ आलं नाही. वायरमनसुद्धा कोपऱ्यावरूनच परत फिरला. एसटीची वेळ होईपर्यंत तो पायरीवर बसून राहिला आणि जाताना म्हणाला, “काम झालं की कळवा. नायतर तुमीच या मुरबाडला. रविवारी मी घरीच असतो.”

पुढे बाजारात गोमाजी भेटला. मी हळूच विचारलं, “काय भाव देत होता तो?”

“कसला भाव? दोन खाचरांच्या मधल्याला काय बोलता, पाणी सोडता त्या तोंडाला काय बोलता, हेच इचारत बसला. मी बोललो, शेतकऱ्याच्या घरात जन्मलास नाय का रे? मग चहा पाजला त्याला.”

खरं सांगतो, तेव्हाही मला वाटलं, गोमाजी काहीतरी लपवतोय. आणि ते वाटणं गेलं, तेव्हा शहापुरात कोणाला सांगायची लाज वाटायला लागली. ग्रुप संपला होता. आजही गावात म्हणतात, एक एजंट पकडला गेला आणि पळाला. तो एजंट नव्हता, आणि त्याला कोणी पकडलंही नाही. ते बोलणं माझ्या तोंडून निघालं होतं.

बऱ्याच वर्षांनी मी मुरबाडला गेलो. कारखाना बंद पडलेला. चाळीतल्या त्याच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड. तो कुठे गेला, कोणालाच ठाऊक नव्हतं. शेजारची बाई तांदूळ निवडत होती.

“भले होते हो,” ती म्हणाली. “रविवारी दार सताड उघडं, चटई टाकून बसायचे. मी बोलायचे, भावा, कोण येतंय रे तुझ्याकडं? तर बोलायचे, शहापूरचे काका येणार हायेत, त्यांच्याकडं भिंतीचं काम चाललंय.”

सूप खाली ठेवून तिने माझ्याकडे नीट बघितलं. “तुमीच का ते?”

मी “नाही” म्हणालो.