नानांची डोलकाठी

गंमत म्हणून एकदा मी नानांना मारलंच असतं.

आज त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्या गमतीच्या वेळी मी एकोणीसचा, बारावीला दोनदा आपटलेला. गावात एकही सायकल अशी नव्हती जिची हवा मी सोडली नव्हती.

नाना आमच्या शेजारचे. मुंबईला बोटींच्या कारखान्यात फिटर होते. डाव्या हाताची दोन बोटं तिथेच ठेवून नव्वद सालाच्या आसपास गावी परत आले.

तापीकाठी बसून त्यांनी एक बोट बांधली. दोन लांबट होड्या शेजारी शेजारी, मधे फळ्या. ते कॅटमरान म्हणायचे. आम्ही म्हणायचो जुळी.

जुळीवर शिडासाठी वीस फुटी सागवानी डोलकाठी. उभी करायला चार माणसं लागावीत अशी.

नाना एकटे करायचे. अमळनेरची एसटी सोडून लोक बघत थांबायचे.

"नाना, बारागाड्या बी एकलाच ओढशात का?"

जत्रेत भगत एकमेकींना बांधलेल्या बारा गाड्या ओढतो, त्यावरची ही थट्टा. नाना हसायचे. हात मात्र कोणाचा घ्यायचे नाहीत.

आधी वर बघायचे, विजेची तार नाही ना. मग काठीचं बूड बिजागरीत, वरून बोल्ट. दोन्ही बाजूंचे दोर बांधलेले, म्हणजे काठी कलंडणार नाही. मग पुढे दोन बांबूंची फुलीसारखी बांधलेली कैची, काठीच्या शेंड्यापासून तिच्यावरून आलेला दोर हळूहळू ओढायचा. हातभर ओढला की खुंट्याला वेढा. हातभर ओढला की वेढा.

फुल बोअर. अर्धा तास.

एक दिवस काठी अर्धी वर आली आणि मी दोराचं शेपूट उचलल्यासारखं केलं.

"सोडा नाना, मी धरलंय."

धरलं बिरलं काही नव्हतं. काठी धाडकन पडेल, नाना दचकतील, लोक हसतील. एवढाच प्लॅन.

नानांनी हात सोडला.

आणि शीड आणायला चक्क काठीखालून पलीकडे गेले.

हे माझ्या प्लॅनमधे नव्हतं.

तोंडातली शेंग तोंडातच राहिली.

काठी हलली नाही.

नाना शीड घेऊन परत आले. खुंट्यावरचे वेढे बोटाने दाखवले.

"तू धरेल नव्हता. माले माहीत व्हतं."

"मग सोडलं कसं?"

"बांधेल व्हतं म्हनीसन."

मग दोन बोटं नसलेला डावा हात पुढे केला. मुंबईला अशीच काठी चढवताना चौघं होते म्हणे.

"चार जन ऱ्हायनात की जो तो समजस, दुसरानी धरेल शे. एकटा ऱ्हायना की ध्यानमा ऱ्हास, कोनीच धरेल नई शे."

एवढंच. माझ्या घरी त्यांनी सांगितलंसुद्धा नाही.

सात-आठ वर्षांनी त्यांचे हात थरथरायला लागले. तेव्हा पहिल्यांदा दोर माझ्याकडे दिला.

"धरं का रे?"

"धरं, नाना."

मी खरंच धरलेलं असूनही त्यांनी खुंट्याला वेढा मारलाच. मी हसलो. तेही हसले.

पुढच्या उन्हाळ्यात गेले.

तिरडीला आम्ही चौघं. उचलायच्या आधी त्यांच्या भावाने सगळ्यांना विचारलं, "बठ्ठासनी धरं ना रे?"

तिघं लगेच हो म्हणाले.

मी आधी वाकून माझा हात बघितला. बांबू घट्ट धरलेला होता.

मग हो म्हणालो.

नमस्कार, नाना. खरंच धरलं होतं.